भाजल्याने बुरशी मरते, विष मरत नाही

पुण्यातल्या धनकवडीच्या एका ताईंनी लिहिलं आहे:

"दर वर्षी दिवाळीनंतर गावाकडून शेंगांचं पोतं येतं. आम्ही फोडून दाणे डब्यात भरून ठेवतो. यंदा आषाढीला खिचडीसाठी डबा उघडला तर कोंदट वास आला आणि काही दाणे काळपट-हिरवे निघाले. मी म्हटलं, टाकून देऊ. सासूबाई म्हणाल्या, 'भाजले की सगळं मरतं, आम्ही हेच खाऊन मोठे झालो.' सासरे पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समधून निवृत्त झाले आहेत. ते म्हणाले, 'बुरशीपासूनच तर पेनिसिलिन होतं.' शेवटी वरवरचे खराब दाणे काढून खिचडी केली. एरवी मी विसरून गेले असते. पण मार्चमध्ये यांनी रक्तदान केलं, तेव्हा रक्तपेढीने बोलावून हिपॅटायटिस बी असल्याचं सांगितलं. आता ऐकते आहे की बुरशीच्या विषाने यकृताचा कॅन्सर होतो. झोप उडाली आहे. ओळखीतून अठराशे रुपयांची 'लिव्हर डिटॉक्स' पावडर आणली आहे. यकृत हे विष बाहेर टाकतं का? पावडर द्यावी का? मुलगी चार वर्षांची आहे, तिच्या डब्यात रोज दाण्याचा लाडू असतो. आणि सासूबाईंशी कसं बोलू?"

ताई,

आजची कामं आधी सांगते. तो डबा बाजूला काढा, त्यातलं काहीही कोणाच्या ताटात जाऊ देऊ नका. पावडर मिस्टरांना देऊ नका. आणि खिचडी खाल्ली म्हणून घाबरू नका. एका दिवसाच्या दाण्यांनी यकृताचा कॅन्सर होत नाही. हे विष थोडं थोडं, वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं तर घात करतं. ते थांबवणं बऱ्याच अंशी तुमच्या घरातच शक्य आहे.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. कढईत बुरशी मरते. पण मरण्याआधी तिने दाण्यात जे सोडलेलं असतं ते जिवंत नसतं, ते एक रसायन असतं. त्याचं नाव अफ्लाटॉक्सिन. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस आणि अ‍ॅस्परजिलस पॅरासिटिकस या दोन बुरश्या ते प्रामुख्याने बनवतात. त्याच्या प्रकारांतला सर्वांत घातक म्हणजे बी-१. तो शुद्ध रूपात वितळायलाच सुमारे २६८ अंश सेल्सियस लागतात. उकळत्या आमटीत किंवा खिचडीत तेवढी उष्णता कुठून येणार? भाजताना काही भाग मोडतो, हे खरं. बराचसा तसाच राहतो.

सासऱ्यांचंही खोटं नाही. पिंपरीचा तो कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला तो बुरशीच्या भरवशावरच, आणि या गावाने त्याचा अभिमान बाळगावा असाच तो आहे. पण तिथली बुरशी निवडून घेतलेली, टाकीत देखरेखीखाली वाढवलेली. औषध तिच्यापासून वेगळं काढून शुद्ध केलेलं. तुमच्या डब्यात कोणती बुरशी आहे, ती विष बनवणारी आहे की नाही, हे ते स्वतःसुद्धा डोळ्यांनी पाहून सांगू शकणार नाहीत. त्यांना हे नक्की पटेल, कारण कारखान्यात शुद्धतेची किंमत त्यांनी जवळून पाहिलेली आहे.

हे विष जगाला कळलं तेच मुळी शेंगदाण्यामुळे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की कोंबड्यांची लाखभर पिल्लं काही महिन्यांत मेली. शोध घेता घेता माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत. आणि आपल्याकडे माणसांवर बेतलं ते १९७४ मध्ये. गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या आदिवासी भागांत अवकाळी पावसात भिजलेला मका लोकांनी खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी झालं, शंभरावर माणसं दगावली. त्यांच्या कुत्र्यांनाही तेच झालं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या गावांत जाऊन कारण शोधलं. ती माणसंसुद्धा पिढ्यान् पिढ्या मकाच खात आली होती. धान्य तेच होतं, फक्त त्या वर्षीचं भिजलेलं होतं. 'आम्ही हेच खाऊन मोठे झालो' याला माझं उत्तर एवढंच आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न, यकृत याचं काय करतं. इथे जरा सावकाश वाचा, कारण 'डिटॉक्स' हा सगळा धंदा याच ठिकाणच्या गैरसमजावर उभा आहे.

आतड्यात शोषलेलं जवळजवळ सगळं रक्तातून आधी यकृताकडे जातं. अफ्लाटॉक्सिन पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून मूत्रपिंडं ते सहजासहजी बाहेर काढू शकत नाहीत. यकृताचं काम असं की अशा रेणूंना पाण्यात विरघळण्याजोगं करून लघवीच्या किंवा पित्ताच्या वाटेला लावायचं. त्यासाठी यकृताच्या पेशींत सायटोक्रोम पी-४५० नावाच्या विकरांचा, म्हणजे एन्झाइमांचा, मोठा परिवार असतो. अफ्लाटॉक्सिनवर त्यातले मुख्यतः ३ए४ आणि १ए२ हे दोघे काम करतात. ते रेणूला ऑक्सिजन जोडतात. ऑक्सिजन कुठे जोडला जातो, यावर पुढचं सगळं ठरतं. काही जागी जोडला तर क्यू-१, एम-१ असे तुलनेने सौम्य पदार्थ होतात आणि बाहेर पडतात. पण रेणूच्या एका विशिष्ट टोकाला जोडला गेला, की तयार होतं ८,९-इपॉक्साइड. हे मूळ विषापेक्षा कितीतरी जहाल असतं.

म्हणजे दाण्यात होतं ते विष अजून पुरतं जागं झालेलं नव्हतं. त्याला जागं करतं यकृत, आणि तेही ते बाहेर काढण्याच्या धडपडीत. लोहाराला लोखंड वाकवायचं तर आधी लाल तापवावं लागतं, आणि तापलेलं लोखंड धरायला सांडशी लागते. सांडशी वेळेवर हाती आली नाही तर जे शेजारी असेल ते भाजतं. यकृतातली सांडशी म्हणजे ग्लुटाथायोन हा पेशीतलाच एक छोटा रेणू. ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज नावाचं विकर त्याला त्या इपॉक्साइडशी जोडून देतं. मग ते निरुपद्रवी होऊन बाहेर जातं. इपॉक्साइड पाण्यात जेमतेम सेकंदभर टिकतं, त्यामुळे जे व्हायचं ते त्याच पेशीत, तिथल्या तिथे होतं. ग्लुटाथायोनने गाठलं तर सुटका. पाण्याशी संयोग झाला तर जे बनतं ते पुढे प्रथिनांना चिकटतं. आणि डीएनए गाठलं तर त्यातल्या ग्वानिन नावाच्या घटकाला जाऊन चिकटतं.

उंदराच्या यकृतात हे ग्लुटाथायोन जोडणारं विकर अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत विलक्षण तत्पर असतं, म्हणून लहान पांढरा उंदीर हे विष बऱ्यापैकी पचवतो. मोठा उंदीर, ज्याला शास्त्रज्ञ 'रॅट' म्हणतात, तो मात्र लवकर बळी पडतो. माणसाचं विकर या कामात त्या लहान उंदराच्या जवळपासही नाही. त्यामुळे 'शरीराला सवय होते' यावर विसंबू नये.

डीएनएला चिकटलं म्हणजे लगेच कॅन्सर असंही नाही. पेशीची दुरुस्ती करणारी यंत्रणा त्यातला बराच भाग कापून काढते, आणि तो लघवीतून बाहेर पडतो. शास्त्रज्ञ लघवीत तोच मोजून कोणाच्या पोटात किती विष गेलं याचा अंदाज घेतात. काही भाग मात्र रूप बदलून चिवटपणे टिकून राहतो. दुरुस्ती होण्याआधीच ती पेशी विभागली, तर चूक नव्या पेशीत कायमची उतरते. पी-५३ नावाचं एक जनुक पेशींच्या बेलगाम वाढीला लगाम घालतं. १९९१ मध्ये चीन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या यकृताच्या कॅन्सरच्या गाठी तपासल्या, तेव्हा या जनुकात पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी, २४९ क्रमांकाच्या जागी, एकाच अक्षराचा बदल सापडला. विषाने आपली सही करून ठेवावी तसा.

म्हणजे यकृतात धुऊन काढण्यासारखं काही साचलेलं नसतं. जे बाहेर जायचं ते बहुतांश काही दिवसांत शौचावाटे आणि लघवीवाटे गेलेलं असतं. मागे राहते ती डीएनएतली खूण, आणि ती धुणारी पावडर जगात कुणीही बनवलेली नाही. 'यकृत सक्रिय करते' असं डब्यावर लिहिलेलं असेल तर अधिकच सावध व्हा. वर सांगितलेले तेच विकर विषाला जहाल करतात. मग नेमकं काय सक्रिय होणार आहे, हे विक्रेत्याला विचारलं तर तो सांगू शकणार नाही. शिवाय यकृताचा आजार असलेल्या माणसाला अज्ञात घटकांची पावडर देणं यातच धोका आहे. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, तरी हिपॅटायटिस बी असताना काहीही चूर्ण डॉक्टरांना न दाखवता घेऊ नये, यावर दुमत असायचं कारण नाही. अठराशे रुपये गेले असं समजा. तेवढ्यात वर्षभराचे उत्तम दाणे येतील.

हिपॅटायटिस बी आणि अफ्लाटॉक्सिन यांची जोडगोळी वाईट, हे तुम्ही ऐकलं ते खरं आहे. विषाणू यकृतात असला की पेशी मरत राहतात आणि त्यांच्या जागी नव्या बनत राहतात. विभाजन जितकं जास्त, तितकी दुरुस्तीला सवड कमी. म्हणून तेवढंच अफ्लाटॉक्सिन हिपॅटायटिस बी असलेल्या माणसाला इतरांपेक्षा सुमारे तीस पटीने अधिक धोक्याचं धरलं जातं. हा आकडा वाचून अंगावर काटा येईल, पण त्याची दुसरी बाजूही बघा: ज्याला धोका जास्त, त्याला विष कमी केल्याचा फायदाही सर्वांत जास्त.

याचा पुरावा चीनमध्ये मिळाला. शांघायच्या उत्तरेला छीदोंग नावाचा भाग आहे. तिथे हिपॅटायटिस बी पुष्कळ, जेवणात मका मुख्य, हवा दमट. यकृताच्या कॅन्सरसाठी तो भाग कुप्रसिद्ध होता. १९८० च्या दशकात धोरणं बदलली आणि लोक मक्याऐवजी तांदूळ खाऊ लागले. पुढे शास्त्रज्ञांनी जपून ठेवलेले जुने-नवे रक्ताचे नमुने तपासले तर अफ्लाटॉक्सिनच्या खुणा जवळजवळ नाहीशा होत गेलेल्या. आणि पस्तिशीच्या आतल्या लोकांमध्ये यकृताच्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. ही माणसं नवजात बाळांना सरसकट लस मिळायला लागण्याआधी जन्मलेली होती, म्हणजे विषाणू त्यांच्यात होताच. ताटातलं धान्य बदललं आणि एवढा फरक पडला. तुमच्या घरातही नेमकं हेच करायचं आहे.

तेव्हा आता दाण्यांकडे येते.

बुरशी डब्यातच लागते असं नाही. शेतात दाणे भरत असताना पाऊस ओढला, जमीन तापली, की ती तिथेच शिरते. काढणीनंतर शेंगा नीट वाळल्या नाहीत, तर वाढते. दाण्यात ओलावा सात-आठ टक्क्यांच्या खाली असावा लागतो. शेंग कानाशी हलवल्यावर दाणा खुळखुळला पाहिजे, ही गावाकडची पारख खरी आहे. पण दिवाळीनंतर फोडलेले दाणे साध्या डब्यात ठेवून त्यावर पुण्यातला जून-जुलै गेला, की ते हवेतला ओलावा पुन्हा शोषतात. टरफल हे त्याचं संरक्षण होतं, ते तुम्ही नोव्हेंबरमध्येच काढून टाकलंत. आणि उपास नेमके आषाढ-श्रावणात येतात. वर्षातले सर्वांत जुने दाणे, सर्वांत दमट हवेत, सर्वांत जास्त खाल्ले जातात, हे आपल्याकडचं दुर्दैवी गणित आहे.

म्हणून शेंगा सगळ्या एकदम फोडू नका. सहा-आठ महिने कोरड्या, वारा खेळत्या जागी, जमिनीपासून उचलून ठेवा आणि महिन्याला लागतील तेवढ्याच फोडा. पावसाळ्यासाठी फोडलेले दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये राहू द्या. मार्केट यार्डातून किंवा मंडईतून आणत असाल तरी पावसाळ्यात पाच किलो स्वस्त पडतात म्हणून आणू नका, अर्धा-अर्धा किलो आणा.

आणि निवडा. हे मी सर्वांत आग्रहाने सांगते. हे विष सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं. शंभरातले नव्याण्णव दाणे स्वच्छ असू शकतात आणि एका दाण्यात इतकं असू शकतं की तो कित्येक किलोंत कुटून मिसळला तरी सगळं कूट कायद्याच्या मर्यादेबाहेर जाईल. थेट खायच्या दाण्यांसाठी आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा किलोला १० मायक्रोग्रॅम आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. अशा ठिकाणी तो एक दाणा हाताने उचलून बाजूला टाकणं, हे कोणत्याही औषधापेक्षा मोठं काम आहे.

निवडायचे ते दिवसाच्या उजेडात, ताटात एकेरी थर पसरून. सुरकुतलेले, काळपट, डागाळलेले, साल फाटलेले, किडीचं भोक असलेले, पिवळट-हिरवी भुकटी दिसणारे, सगळे काढा. मगच भाजा, कारण भाजल्यावर रंगातला फरक झाकला जातो. भाजून सालं काढली, पाखडली, की पुन्हा एकदा नजर टाका. दोन डाळिंब्यांच्या मधल्या पोकळीत बुरशी लपलेली असते. आतून पिवळट-तपकिरी दिसणारा दाणा नको. खाताना कडू किंवा खवट लागला तर गिळू नका, थुंकून चूळ भरा. याच कारणासाठी बाजारातलं तयार कूट घेऊ नका असं मी म्हणेन. ते कशाचं कुटलं, हे कुणालाच दिसत नाही.

पण तुमचा तो डबा निवडून वाचवायचा नाही. कोंदट वास आणि काळपट-हिरवे दाणे, याचा अर्थ बुरशी डब्यातच वाढली आहे. घरात हिपॅटायटिस बीचा माणूस आणि चार वर्षांचं मूल असताना पाच-सहा किलो दाण्यांचा मोह नको. ते गायीला घालू नका, कबुतरांनाही नको. सासूबाईंच्या मनात हे हमखास येईल. अन्न टाकणं त्यांच्या जिवावर येतं आणि त्यात वाईट काहीच नाही. पण इंग्लंडमधली ती पिल्लं आणि बांसवाड्याची कुत्री असंच खाऊन मेली. दुभत्या गायीने अफ्लाटॉक्सिनची पेंड खाल्ली तर तिच्या यकृतातही तेच घडतं, बी-१ चं एम-१ होतं आणि त्यातला थोडा भाग दुधात उतरतो. उकळून तो जात नाही. प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले, त्यातल्या ३६८ नमुन्यांत एम-१ लिटरला अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपासच्या आपल्या मर्यादेपेक्षा जास्त होतं. तेव्हा दाणे ओले करा, म्हणजे भुकटी उडणार नाही, आणि पिशवीत बांधून ओल्या कचऱ्यात द्या.

सासूबाईंशी बोलताना भाजण्यावरून वाद घालू नका. त्या वादात जिंकलात तरी स्वयंपाकघरात हराल. त्यांना एक जुनी गोष्ट आठवते का, ते विचारा. त्यांच्या तरुणपणी वर्ष-दोन वर्षांची बाळं 'लिव्हर वाढलं' म्हणून दगावत. पोट फुगायचं, कावीळ व्हायची, घरंच्या घरं हादरायची. या बाल-यकृतविकारासाठी एके काळी अफ्लाटॉक्सिनवरच संशय घेतला जायचा. पुढे १९८० च्या दशकात पुण्याच्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी दाखवून दिलं की तान्ह्या बाळांना कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात तापवलेलं, साठवलेलं दूध पाजलं जातं, आणि त्यातून उतरलेलं तांबं यकृतात साचतं. पितळेची जागा स्टीलने घेतली आणि तो आजार आज जवळपास दिसेनासा झाला. ते भांडं बदललं ते सासूबाईंच्याच पिढीने, आणि घरातल्या मोठ्यांच्या 'आम्ही यातच दूध पीत आलो' या बोलण्याला न जुमानता बदललं. हे त्यांना सांगा. आरोप म्हणून नाही, त्यांचं श्रेय म्हणून. आणि मग ताट त्यांच्यापुढे ठेवा. दाणा पारखायची त्यांची नजर तुमच्या-माझ्यापेक्षा नक्कीच तयार आहे. 'यांच्यासाठी तुम्हीच निवडून द्या' असं म्हटलंत तर कोणती आई नाही म्हणेल?

मुलीचा लाडू बंद करायची गरज नाही. दाणे पौष्टिक आहेत, मुलांना ते हवेत. चांगले, निवडलेले, ताजे दाणे वापरा आणि रोज दाण्याचाच न करता मध्ये तिळाचा, डाळ्याचा, नाचणीचा करा. एकाच वस्तूवर सगळा भार नसला की तिच्यातला दोषही कमी पोटात जातो.

बाकी घरात थोडी नजर फिरवा. सुक्या खोबऱ्याच्या वाटीला आलेली बुरशी फडक्याने पुसून ती वाटी गोड्या मसाल्यात जाते, ते बंद करा. खोबऱ्यात हेच विष सापडतं. लाल मिरची दमट झाली असेल तर कुटायला देऊ नका. पावावर एक ठिपका दिसला तरी अख्खा पाव टाका, मऊ पदार्थात बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. तेलाचं म्हणाल तर रिफाइंड करताना अफ्लाटॉक्सिन जवळजवळ निघून जातं. सध्या आपल्या पेठांपासून उपनगरांपर्यंत लाकडी घाण्याच्या तेलाचं कौतुक आहे. चव मलाही आवडते. विषाचा मोठा भाग पेंडीतच राहतो, पण गढूळ तेलात कणांबरोबर थोडं उतरतं. घाण्यावर जाऊन दाणे कसे निवडतात ते बघा, आणि तळाचा साका वापरू नका. मिस्टरांसाठी मी सध्या रिफाइंडच वापरीन.

आता त्यांच्या आजाराचं, कारण दाण्यांच्या काळजीत ते मागे पडायला नको. मार्चपासून पुढच्या तपासण्या झाल्या नसतील तर याच आठवड्यात यकृतविकारतज्ज्ञांची वेळ घ्या. रक्तात विषाणूचं प्रमाण किती, एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं विकर) किती, सोनोग्राफीत यकृत कसं दिसतं, यावर औषध हवं की नुसतं लक्ष ठेवायचं हे ठरेल. औषध लागलं तरी ते रोजच्या एका गोळीचं असतं. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २०१८ पासून सुरू आहे. त्याखाली तपासण्या आणि औषधं मोफत मिळतात, ससून रुग्णालयात चौकशी करा. दारू अजिबात नको. त्यांच्या रक्तातलं अफ्लाटॉक्सिन मोजायच्या मागे लागू नका. नेहमीच्या लॅबमध्ये ती तपासणी नसते आणि तिच्या उत्तराने उपचार बदलणार नाहीत.

तुमची आणि मुलीची तपासणी करून घ्या. मुलीला बाळपणीच्या लसीकरणात हिपॅटायटिस बीचे डोस मिळालेले असतील, तिचं कार्ड डॉक्टरांना दाखवा. तुम्ही लस घेतलेली नसेल तर तीन डोस घ्यायचे: पहिला, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. तोवर संबंधांत निरोध वापरा. एका ताटात जेवल्याने, उष्टं खाल्ल्याने हा विषाणू पसरत नाही, त्यामुळे त्यांची भांडी वेगळी करू नका. दाढीचं पातं आणि दात घासायचा ब्रश तेवढा वेगळा.

आणि एक नाजूक गोष्ट. हा विषाणू पुष्कळदा जन्माच्या वेळी आईकडून बाळाला येतो आणि पन्नास वर्षं काही न बोलता राहतो. म्हणून सासूबाई, सासरे आणि तुमच्या दिरांची-नणंदांचीही एकदा रक्ततपासणी व्हायला हवी. सासूबाईंची निघाली तर त्यांना दोष वाटेल. तेव्हा आधीच सांगा की त्यांच्या काळी ही लस आणि ही तपासणी सर्रास होत नव्हती. ही गोष्ट तुम्ही बोलण्याऐवजी डॉक्टरांनी बोलावी हे बरं, म्हणून पहिल्या भेटीला त्यांनाही बरोबर न्या.